वृद्धाश्रमातील हास्य

विनाकारण हसणाऱ्या मनुष्यास आमच्याकडे एक तर मूल समजतात, नाही तर वेडा समजतात. मुलाचे हसणे कौतुकाचे आणि वेड्याचे कीवेचे. या दोहोंखेरीज जो शहाणा मनुष्य, त्यास हसावयाचे झाल्यास त्याजपाशी काही तरी सबळ कारण असले पाहिजे, आणि तेही वडीलधाऱ्यांनी विचारले असता सांगता येण्यासारखे असले पाहिजे, असा आमच्या घरांतून पूर्वापार दंडक आहे. अशा स्थितीत ऐंशी-पंचाऐंशी वर्षांची वीस-पंचवीस माणसे खुर्च्यांवर ओळीने बसली आहेत, आणि एक तरुण बाई टाळ्या वाजवून त्यांस हसावयास सांगत आहेत, ही गोष्ट सुशिक्षित गृहस्थास चमत्कारिक वाटल्यास नवल नाही. तथापि आमच्या आत्याबाई गेली दोन वर्षे एका वृद्धाश्रमात राहत असल्यामुळे, आणि महिन्यातून दोनदा तरी त्यांच्या भेटीस जाण्याचा आमचा परिपाठ असल्यामुळे, हा चमत्कारिक प्रकार जवळून पाहण्याची संधी आम्हांस मिळाली आहे. त्याविषयी जे मनात आले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढ्यासाठीच हा प्रपंच.

सामुदायिक हास्याचा हा व्यायाम विलायतेतून आला असावा असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक तो मुंबईचा आहे. १३ मार्च १९९५ रोजी डॉ. मदन कटारिया यांनी अंधेरीच्या लोखंडवाला भागातील एका बागेत अवघी पाच माणसे जमवून पहिला हास्यक्लब भरविला. प्रारंभी एकाने मध्ये उभे राहून चुटका सांगावा व इतरांनी हसावे, असा क्रम असे. परंतु थोड्याच दिवसांत चांगल्या चुटक्यांची पुंजी संपली, आणि मागाहून जे चुटके निघू लागले त्यांची जात अशी होती की ऐकणारांच्या तक्रारी सुरू झाल्या. तेव्हा डॉक्टरांनी विनोद अजिबात वगळला व हास्य तेवढे शिल्लक ठेवले. चार माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहून मुद्दाम हसू लागली म्हणजे थोड्याच वेळात त्या खोट्या हसण्यातून खरे हसणे फुटते, असा त्यांस अनुभव आला. त्यांच्या पत्नी माधुरीबाई योग शिकविणाऱ्या. त्यांच्या साहाय्याने या हसण्यास प्राणायामाची जोड मिळाली, आणि त्यास हास्ययोग हे नाव प्राप्त झाले. आज अनेक देशांत असे क्लब चालतात, आणि मे महिन्यातील पहिला रविवार हा जागतिक हास्यदिन म्हणून पाळण्यात येतो. पुण्यामुंबईच्या बागांतून पहाटे फिरावयास जाणाऱ्या वाचकांच्या कानांवर हा गजर आलाच असेल.

परंतु बाग निराळी आणि वृद्धाश्रम निराळा. बागेत हसणारा गृहस्थ आपल्या पायांनी आलेला असतो, आणि हसून झाल्यावर तो आपल्या घरी जाऊन आपल्या पसंतीचा चहा घेतो. वृद्धाश्रमातील मनुष्य हसून झाल्यावर आपल्या खाटेकडे परत जातो. आश्रम कितीही चांगला असो, तेथे उठण्याची वेळ घंटेने ठरते, स्नानाचा क्रम सेविका ठरवितात, भाजी कोणती हे मुदपाकखाना ठरवितो, आणि शेजारच्या खाटेवर कोणी निजावे हे व्यवस्थापक ठरवितात. ज्या बाईने चाळीस वर्षे पंधरा-वीस पानांचा स्वयंपाक आपल्या हुकमतीत चालविला, तिला आमटीत गूळ कमी पडला असता तो मागून घ्यावा लागतो. दुःख मोठे नसते. ते रोजचे असते. त्यात रात्री झोप लागत नाही, बाहेर मोटार थांबली की आपल्याकडेच कोणी आले असावे असे वाटते, आणि खोलीतील एखादे माणूस इस्पितळात गेले व परत आले नाही तर त्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नाही. मनावरचा ताण म्हणून जो म्हणतात तो या लहान लहान धाग्यांनीच विणलेला असतो. २००७ साली आपल्याकडे माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाचा कायदा झाला. प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम असावा, अशी अपेक्षा त्यात नमूद आहे. कायद्याने खाटा मोजता येतात, हे ठीकच आहे. खाटेवरील मनुष्याचा दिवस कसा जातो, हे मोजण्याचे काम इतरांनी करावयाचे असते.

आता हसण्याने शरीरात काय घडते ते पाहू. खळखळून हसताना श्वास तुटक तुटक पण दीर्घकाळ बाहेर पडतो, छाती व पोट यांमधील पडदा जोराने हालतो, नाडी काही वेळ जलद चालते, आणि हसणे ओसरल्यावर स्नायू सैल पडून अंगास हलकेपणा येतो. नॉर्मन कझिन्स या अमेरिकन संपादकास १९६४ साली सांध्यांचा एक अत्यंत वेदनादायक विकार जडला. विनोदी चित्रपट पाहून दहा मिनिटे पोट धरून हसले असता आपणांस दोन तास वेदनेवाचून झोप मिळते, असा अनुभव त्यांनी १९७६ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. एका मनुष्याच्या अनुभवावरून सिद्धान्त बांधता येत नाही, हे खरेच. पण त्यानंतर या विषयाकडे विद्वानांचे लक्ष गेले. ऑक्स्फर्डचे प्राध्यापक रॉबिन डनबार व त्यांचे सहकारी यांनी २०११ साली प्रयोगांती असे दाखविले की, मंडळींत बसून मनापासून हसल्यावर मनुष्याची वेदना सोसण्याची शक्ती वाढते. शरीर स्वतःच निर्माण करीत असलेली अफूसारखी वेदनाशामक द्रव्ये याच्या मुळाशी असावीत, असा त्यांचा तर्क आहे. अमेरिकेतील रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी बाजारांत व रस्त्यांवर लोक हसतात केव्हा याची टिपणे ठेवली. त्यांस आढळले की, बहुतेक हसणे विनोदावर होतच नाही. "बरे आहे, येतो मग" अशा साध्या वाक्यावर होते, आणि मनुष्य एकटा असता जितका हसतो त्याच्या तीसपट मंडळींत हसतो. म्हणजे हास्य हे मुख्यतः सोबतीचे लक्षण आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; आमच्या सांगण्याचा रोख तिच्यावरच आहे.

वृद्धांच्या बाबतीत या व्यायामास काही पथ्ये आहेत. ज्यांस अंतर्गळ आहे, ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांचा रक्तदाब आवाक्यात नाही, ज्यांस हृदयविकार, अपस्मार किंवा काचबिंदू आहे, त्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून जोराने हसण्याचा प्रयोग करू नये. आमच्या आत्याबाईंच्या आश्रमात जी बाई आठवड्यातून दोनदा येते ती या बाबतीत फार जपून वागते. सर्व मंडळी तिला ताई म्हणतात, वयाने ती त्यांच्या नातीएवढी असली तरी. सर्वांनी खुर्चीवर बसावयाचे, प्रथम हात वर करून श्वास घ्यावयाचा, मग "हो हो, हा हा हा" या बोलांवर टाळ्या वाजवावयाच्या, नंतर शेजाऱ्यास नमस्कार करून हसावयाचे, मग जीभ बाहेर काढून सिंहासारखे हसावयाचे, आणि शेवटी डोळे मिटून स्वस्थ बसावयाचे. असा तिचा वीस-पंचवीस मिनिटांचा क्रम आहे.

आत्याबाईंनी या सिंहास प्रथम साफ नकार दिला. त्याचे कारण समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पैकी पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या मनुष्यांचे, मधले दोन मध्यमांचे, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसण्याचे शेवटचे दोन अधमांचे, अशी त्यांची वाटणी आहे. आमच्या घरांनी नाट्यशास्त्र वाचले असो वा नसो, ही वाटणी मात्र अचूक उचलली, आणि विशेषतः स्त्रियांवर तिची अंमलबजावणी कडकपणे केली. आत्याबाई एकोणिसाव्या वर्षी सदाशिव पेठेतील एका मोठ्या वाड्यात सून म्हणून गेल्या. "अरे, आमचे हसणे मामंजींच्या कानांवर गेले की ओसरीवरून नुसता खाकरा यायचा," असे त्या सांगतात. "तेवढा पुरे. मग पदराचा बोळा तोंडात कोंबून आम्ही जावाजावा मोरीत जाऊन हसत असू."

त्या मोरीतल्या हसण्याचा एक इतिहास आहे. त्यांच्याकडे एक लांबचे आप्त वारंवार जेवावयास येत. पानावर बसताक्षणी ते हात आडवा धरून "थोडेच" असे म्हणत, आणि असे म्हणत म्हणत दीड डझन पोळ्या संपवीत. तेव्हापासून "थोडेच" हा शब्द दोघी जावांना पुरेसा झाला. लग्नकार्यात, श्राद्धपक्षात, एकदा तर प्रत्यक्ष गुरुजी संकल्प सांगत असता, मोठ्या जाऊबाईंनी हा शब्द हळूच उच्चारला आणि दोघींस ओठ चावीत उठून जावे लागले. जाऊबाई वारल्यास आता नऊ वर्षे झाली. आत्याबाईंचे यजमान त्यापूर्वीच गेले, मूलबाळ नाही, वाडा पाडून तेथे इमारत उभी राहिली. पाय अधू झाल्यावर, भाच्यांच्या दोन-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत दिवसभर कुलपाआड बसण्यापेक्षा माणसांत राहणे बरे, असे म्हणून त्यांनीच आश्रमाचा निश्चय केला. पण त्या "थोडेच" चा अर्थ जाणणारे आता जगात त्यांच्यावाचून कोणी नाही. आम्हांस त्यांनी ती हकीकत सांगितली, आम्ही हसलोही. परंतु ते ऐकणाराचे हसणे होते, साक्षीदाराचे नव्हे. म्हातारपणी दात जातात, दृष्टी जाते, हे आम्ही सर्वच जाणतो. आपल्याबरोबर हसलेले शेवटचे माणूस जाते, या हानीची मात्र कोठे नोंद होत नाही.

अशा मनुष्यास ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खुर्चीवर, कारणावाचून हसावयास सांगणे यात एक प्रकारचा अपमान आहे, असे आत्याबाईंस वाटले. ताईंचे चातुर्य असे की त्यांनी आग्रह केला नाही. "आजी, तुम्ही हसू नका, फक्त आमच्या टाळ्या ठेक्यात पडतात का तेवढे पाहा," असे म्हणून त्यांनी आत्याबाईंस बाजूस बसविले. या साध्या गोष्टीचे महत्त्व आम्हांस मोठे वाटते. एलन लँगर व ज्युडिथ रोडिन या दोन विदुषींनी अमेरिकेतील कनेक्टिकट संस्थानात एका वृद्धाश्रमात केलेला एक प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरील वृद्धांस त्यांनी सांगितले की, तुमच्या दिवसाची व्यवस्था तुम्ही ठरवा. आणि एक एक रोपटे निवडून त्याची निगा स्वतः राखावयास दिले. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांसही रोपे दिली, पण पाणी परिचारिकांनी घातले. पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक हालतीफिरती व आनंदी झाली, आणि दीड वर्षाने पाहिले तरी त्यांचीच प्रकृती सरस आढळली. ज्याच्या हाती काहीच उरले नाही त्यास निदान न हसण्याचा अधिकार तरी असला पाहिजे. तो असला म्हणजेच त्याच्या हसण्यास काही किंमत.

दोन महिने आत्याबाईंनी टाळ्यांचा हिशेब ठेवला. मग एके दिवशी सिंहमुद्रा चालू असता, कोकणातून आलेल्या एका वृद्ध बाईंची वरची कवळी निसटून थेट ओटीत पडली. क्षणभर सर्व स्तब्ध झाले. त्या बाईंनी कवळी उचलली, तिच्याकडे निरखून पाहिले, आणि बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "सिंहीण दमली." यावर आत्याबाईंनी सवयीने पदर तोंडाशी नेला, परंतु तो तेथपर्यंत पोचण्यापूर्वीच हसू बाहेर पडले, आणि तेही भरतमुनींनी अधमांकडे सोपविलेल्या जातीचे. हे आम्हांस पुढल्या भेटीत ताईंनी सांगितले. आत्याबाईंनी स्वतः एवढेच सांगितले की, त्या कोकणातल्या बाईंस हिशेब चांगला येतो, आणि आता दुपारी दोघी मिळून पत्ते खेळतात.

तेव्हापासून त्या आश्रमात "सिंहीण" हा शब्द चालू नाणे झाला आहे. रात्री झोप आली नाही की एक खाट दुसरीस विचारते, "काय, सिंहीण जागी का?" आत्याबाईंचे जेवण सुधारले. सेविकांवर चिडणे कमी झाले. म्हणून आम्ही एकदा आनंदाने म्हणालो, "आत्या, आता तुझे मन येथे रमले म्हणावयाचे." त्यावर त्या पत्ते पिसता पिसता म्हणाल्या, "हसते म्हणून घर विसरले असे समजू नकोस हो. हसणे दुपारचे. संध्याकाळ निराळी."

या दोन वाक्यांचा अर्थ आम्हांस पुढे एका शास्त्रीय लेखात छापलेला सापडला. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी डॉ. ली-फे लो व त्यांचे सहकारी यांनी पस्तीस वृद्धाश्रमांत एक मोठा प्रयोग केला. त्याचा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. सतरा आश्रमांतील १८९ वृद्धांकडे वृद्धांसाठी खास शिकविलेले विदूषक आठवड्यातून एकदा, असे नऊ ते बारा वेळा गेले, आणि त्यांच्या जोडीस आश्रमातीलच एका सेवकास हास्याचे काम शिकवून ठेवले. उरलेल्या अठरा आश्रमांतील २०९ वृद्धांची व्यवस्था नेहमीसारखीच राहू दिली. सव्वीस आठवड्यांअखेर पाहता, हास्य मिळालेल्या वृद्धांची तगमग, चिडचिड, येरझारा, ओरडणे ही निश्चितपणे कमी झालेली आढळली. परंतु ज्याची मुख्यतः अपेक्षा होती, ती मनाची खिन्नता मात्र दोन्हीकडे सारखीच राहिली. आमच्या मते यात प्रयोगाचे अपयश नाही; मनुष्यस्वभावाचे यथार्थ चित्र आहे. हास्य तगमग शमविते. दुःख नाहीसे करीत नाही. तगमग ही दिवसाची असते व दुःख आयुष्याचे असते. एकावर ताईंचा उपाय चालतो. दुसऱ्यावर आप्तांनीच काही करावयाचे असते, आणि तेही पुरे पडेलच असे नाही.

म्हणून या हास्ययोगाविषयी आमचे मत असे झाले आहे. जे त्यास सर्व रोगांवरील रामबाण मानतात त्यांचे म्हणणे प्रमाणास उतरत नाही; या विषयावरील बरेचसे प्रयोग थोड्या माणसांवर व थोड्या दिवसांचे आहेत. परंतु जे त्याची केवळ थट्टा करतात त्यांनीही एक गोष्ट पाहावी. त्या वीस मिनिटांत पोटातून निघणाऱ्या आवाजाला फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते वीस माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात याला. भिंतीकडे पाहत बसलेल्या माणसास शेजाऱ्याचे तोंड दिसले, तर कधी तरी कवळी पडते, आणि ज्या वयात जुने साक्षीदार नाहीसे होतात त्याच वयात एक नवा साक्षीदार जोडला जातो. भरतमुनींनी हास्याचे आत्मस्थ व परस्थ असेही दोन भेद केले आहेत: मनुष्य आपण हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्यास हसवितो ते परस्थ. वृद्धांस आम्ही फार झाले तर पहिल्याचा अधिकार देतो. दुसऱ्याची संधी देत नाही. आजोबांस हसविण्याकरिता नातवंडे नकला करतात, पण आजोबांच्या गोष्टीवर हसण्याइतका वेळ कोणापाशी नसतो. ती गोष्ट आपण दहा वेळा ऐकली आहे, असे म्हणून आपण उठतो.

आणि येथे हा विषय वृद्धाश्रमाच्या कुंपणाबाहेर येतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी तीन पिढ्या एकत्र नांदत असतील, आणि आमच्याकडे आश्रमाचा प्रश्नच नाही, असे त्यांस समाधानही असेल. ते समाधान योग्य आहे. परंतु दहा माणसांच्या घरातही मधल्या खोलीत एक खाट असते. तिच्याजवळून सर्वजण जातात, औषध देतात, पंखा लावतात, आणि पुढे जातात. त्या खाटेवरच्या मनुष्याशी आज कोणी औषधापाण्याव्यतिरिक्त काही बोलले काय, आणि त्याच्या बोलण्यावर कोणी हसले काय, एवढे दोन प्रश्न रात्री दिवा मालवण्यापूर्वी ज्याने त्याने आपणांस विचारावे. हास्यक्लब घरात भरविण्याची गरज नाही. त्यांच्या तरुणपणीचा एखादा जुना शब्द, एखाद्या खादाड पाहुण्याची हकीकत, एखाद्या फजीत झालेल्या जावयाची गोष्ट त्यांच्याकडून मागून घ्यावी, आणि अकराव्या वेळीही पहिल्याप्रमाणे ऐकावी. ज्यांचे वृद्ध आश्रमात आहेत त्यांनी भेटीस जाताना फळे अवश्य न्यावी; पण घड्याळ खिशात ठेवावे, मुलांस बरोबर न्यावे, आणि शेजारच्या खाटेवरील माणसाचीही विचारपूस करावी, कारण उद्या आपल्या माणसाचे हसणे त्याच्याच हवाली असणार. संध्याकाळ निराळी, हे आत्याबाईंचे म्हणणे खरे आहे, आणि ती आमच्याने पालटणार नाही. तथापि दुपारी हसलेल्या मनुष्याची संध्याकाळ आणि दिवसभर कोणाचे तोंडही न पाहिलेल्या मनुष्याची संध्याकाळ, या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. ते अंतर राखणे आमच्या हाती आहे, आणि त्यास वैद्याची चिठ्ठी लागत नाही.